बंद गेटच्या आत आलेली गाडी

हे मी दोनदा लिहून डिलीट केलंय. आज तिसऱ्यांदा लिहायला बसलेय.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझ्याकडे तारीख आहे, हॉस्पिटलचे कागद आहेत आणि त्या वेळी तिथे हजर असलेली आणखी दोन माणसं आहेत. दोघंही जिवंत आहेत.

१५ ऑक्टोबर २०२२. शनिवार.

आणि ती रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. लख्ख उजेड होता. "दिवसाढवळ्या असं काही होत नसतं," असं मला आतापर्यंत खूप जणांनी सांगितलंय. मीही तसंच म्हणाले असते.

मी देवयानी. मूळची नागपूरची. गेली अकरा वर्षं ओहायोत, डब्लिनला राहते. एका कंपनीत डेटाचं काम करते. मी सायकल चालवायला लागले ती उल्हासकाकांमुळे. काका म्हणजे माझ्या बाबांचे कॉलेजमधले मित्र. मिशिगनला, नोव्हायमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. तीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर काम केलं. रिटायर झाले आणि त्यांना ग्रॅव्हल बाइकचं वेड लागलं. जाड टायरची सायकल घ्यायची आणि डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या, जंगलातल्या खडीच्या रस्त्यांवर फिरायचं. जिथे गाड्या येत नाहीत तिथे.

"अख्खा जन्म गाड्यांत गेला गं," ते म्हणायचे. "आता एकही दिसायला नको."

आमच्यातला तिसरा शंतनू. माझा मावसभाऊ, विनीतामावशीचा एकुलता एक मुलगा. तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला पीएचडी करत होता. तिथल्या डोंगरात असे खडीचे रस्ते भरपूर आहेत. त्यानेच एक शोधून काढला होता.

त्या रस्त्याचं नाव मी देणार नाही. दिलं तर कुणीतरी जाईल.

रस्ता जंगल खात्याचा. सतरा मैलांचा. दोन्ही टोकांना लोखंडी आडव्या दांड्याचं गेट, त्याला कुलूप. गाड्यांना कित्येक वर्षांपासून बंदी आहे. बाजूला सायकल जाईल एवढी फट ठेवलेली आहे. एका बाजूने नऊ मैल चढायचं, डोंगर ओलांडायचा, पलीकडे आठ मैल उतरायचं.

काका आदल्या दिवशी डब्लिनला आले होते. माझ्या गाडीला सायकली लावून आम्ही पोचलो. हंटिंगचा सीझन होता, म्हणून शिकाऱ्यांना लांबून दिसावं यासाठी तिघांनीही भगव्या रंगाची व्हेस्ट घातली होती. रात्री पाऊस पडून गेला होता. खडी ओली, काळपट दिसत होती.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. ग्रुपने सायकल चालवताना काही ठरलेले शब्द असतात. मागून गाडी आली की शेवटचा माणूस ओरडतो, "कार बॅक!" मग सगळे उजवीकडे होतात. रस्ता मोकळा असला की कुणीतरी ओरडतं, "क्लिअर!" मग निघायचं. काका याबाबतीत फार कडक होते. शेवटी तेच राहायचे आणि तेच ओरडायचे.

गेटमधून सायकल काढताना शंतनू हसला.

"काका, आज तुमच्या घशाला आराम. इथे कार कुठून येणार?"

"सवय मोडायची नाही रे," काका म्हणाले.

आम्ही निघालो.

पहिला तासभर इतका सुंदर गेला की काय सांगू. दोन्ही बाजूंना ओकची झाडं, पिवळी, तांबडी. कुठेतरी खाली ओढ्याचं पाणी वाहत होतं. एक सुतारपक्षी ठकठक करत होता. शंतनू तरुण, तो पुढे निघून गेला, वळणाआड दिसेनासा झाला. मी मधे. काका माझ्या मागे पन्नास एक फुटांवर.

मग सुतारपक्षी थांबला.

ओढाही... म्हणजे ओढा थांबत नाही, मला कळतं. पण पाण्याचा आवाज येईनासा झाला.

फक्त माझ्या टायरखाली खडी वाजत होती. आणि मागून काकांच्या.

आणि मग...

"कार बॅक!"

मी विचारही केला नाही. उजवीकडे झाले, ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकला. मागून खडी चिरडल्याचा आवाज येत होता. जड गाडीचा. सावकाश येत होती.

इंजिनाचा आवाज नव्हता.

फक्त चाकं.

आवाज जवळ आला. माझ्या डाव्या खांद्याशी आला. पुढे गेला.

मी बघत होते. रस्ता रिकामा होता.

मान वळवली. काकासुद्धा उजवीकडे होऊन थांबले होते. माझ्याकडे बघत होते.

"का गं ओरडलीस?" त्यांनी विचारलं.

"मी? काका, तुम्ही ओरडलात ना?"

"मी कशाला ओरडू? मागे काहीच नव्हतं."

"मग तो आवाज..."

काकांनी सायकल आडवी टाकली आणि रस्त्यावर वाकून बघायला लागले. ओल्या खडीत आमच्या सायकलींच्या तीन रेघा होत्या. शंतनूची, माझी, त्यांची.

चौथं काहीच नव्हतं.

"डोंगरात आवाज कुठला कुठे जातो," काका म्हणाले. "पलीकडच्या हायवेवरचा असेल. चल. शंतनू एकटा पुढे गेलाय."

'एकटा' हा शब्द त्यांनी ज्या घाईने म्हटला ना... ती घाई मला आवडली नाही.

माथ्यावर शंतनू एका दगडावर बसला होता. डोळे चोळत होता.

"यार, कोण होता तो ट्रकवाला? गेट लॉक्ड आहे ना? बाजूने गेला आणि सगळी धूळ तोंडावर! हॉर्न नाही, काही नाही."

मी आणि काका जागच्या जागी उभे राहिलो.

"तू ट्रक पाहिलास?" काकांनी विचारलं.

"पाहिला म्हणजे... मी खाली बघून पेडल मारत होतो. ताई ओरडली, 'कार बॅक!' मी साइडला झालो. ट्रक गेला. डोळ्यांत धूळ गेली म्हणून नीट दिसलं नाही. का?"

मी त्याच्यापासून निदान अर्धा मैल मागे होते.

आणि धूळ...

शंतनूच्या शरीराची डावी बाजू राखाडी झाली होती. अर्धा चेहरा, डावी बाही, डावी मांडी. उजवी बाजू स्वच्छ. गाडी डावीकडून जवळून गेली तर जशी माखेल अगदी तशी. पण रस्ता ओला होता. तिथे धूळ उडूच शकत नव्हती.

काकांनी त्याच्या बाहीवरून बोट फिरवलं. चिमटीत चोळलं. नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ही रस्त्याची धूळ नाही," ते हळूच म्हणाले. "ब्रेकची आहे. आतलं अस्तर, लायनिंग, जळून झालेली. असलं लायनिंग मी नोकरीला लागलो तेव्हाच बंद होत आलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी खूप जुनी आहे. भरलेली आहे. आणि तिचे ब्रेक लागत नाहीयेत."

मी काकांना इतकी वर्षं ओळखते. देव, भूत, नवस, कशावरच त्यांचा विश्वास नाही. आणि हे ते बोलत होते.

शंतनूला मात्र हसू आलं. "काका, प्लीज! कुणीतरी फॉरेस्टवाला असेल. त्याच्याकडे किल्ली असणार."

तिघांच्याही फोनला सिग्नल नव्हता. मागे नऊ मैल, पुढे आठ. काका म्हणाले, पुढेच जाऊ, उतार आहे, तासाभरात बाहेर पडू. पण एकत्र राहायचं. कुणीही पुढे पळायचं नाही.

आम्ही उतरायला लागलो.

दोन मैल काही झालं नाही. तीन मैल. मला वाटायला लागलं, सुटलो.

मग वास आला...

जळका. रबर आणि तापलेलं लोखंड एकत्र केल्यासारखा. घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर येतो तसा.

"कार बॅक!"

या वेळी मी नीट ऐकलं. आवाज उल्हासकाकांचा होता. पण काका माझ्या शेजारी सायकल चालवत होते आणि आवाज मागून, वरच्या वळणाकडून आला होता.

"साइडला! साइडला व्हा!" हे मात्र खरे काका ओरडले.

तिघंही उजवीकडच्या झुडपांत घुसलो. खडीचा आवाज आला. या वेळी सावकाश नव्हता. घरंगळत, धडधडत, वेग पकडत येत होता. आमच्यासमोर रस्त्यात एक खड्डा होता, पावसाच्या पाण्याने भरलेला.

ते पाणी फाकलं.

दोन बाजूंना उडालं. माझ्या बुटांवर आलं. गरम होतं.

आवाज खालच्या वळणापर्यंत गेला आणि तुटला. दूर गेला नाही, धडकला नाही. कुणी बटण बंद करावं तसा तुटला.

आता शंतनू हसत नव्हता. त्याने माझा हात धरला होता. लहानपणी नागपूरला रस्ता क्रॉस करताना धरायचा तसा.

"ताई, ते आपल्याला वॉर्न करतंय का? म्हणजे, दोन्ही वेळा आधी आवाज आला. आपण साइडला झालो म्हणून वाचलो."

मलाही तेच वाटलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या आवाजाचा आधार वाटला.

ती आमची चूक होती.

गेट दोन मैलांवर राहिलं असताना पूल लागला. लाकडी फळ्यांचा, एकच गाडी मावेल एवढा अरुंद. कठडे गुडघ्याएवढे. खाली दहा-बारा फुटांवर ओढा, मोठमोठे दगड.

काकांनी हात वर केला. आम्ही थांबलो.

"पुलावर बाजूला व्हायला जागा नाही," ते म्हणाले. "आधी ऐकायचं. मी सांगेन तेव्हाच निघायचं. एकेक करून."

शंतनू सगळ्यात पुढे होता, पुलाच्या तोंडाशी, आमच्याकडे पाठ करून. एक पाय पेडलवर. त्याच्या मागे काका. ते वळून उभे होते, तोंड माझ्याकडे आणि मागच्या रस्त्याकडे. मी सगळ्यात मागे. खिशातून फोन काढून सिग्नल येतोय का ते बघत होते.

कसलाही आवाज नव्हता. वास नव्हता. पानही हलत नव्हतं. अर्धं मिनिट गेलं असेल.

"क्लिअर!"

काकांचा आवाज. ठणठणीत. नेहमीसारखा.

शंतनूने पेडल मारलं.

मी मान वर केली. काका माझ्याकडे बघत होते. त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. आणि डोळे... असे डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

मग ते वळले आणि किंचाळले, "शंतनू! थांब! मागे ये!"

मलाही ओरडायचं होतं. जीव खाऊन ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडातून आवाजच फुटला नाही. तोंड उघडं आणि आत काहीच नाही.

मागून ते आलंच होतं.

काकांनी मला खांद्याने ढकललं. आम्ही दोघं झुडपात पडलो. डोक्यावरून गरम वारा गेला. त्यानंतर पुलाच्या फळ्या वाजल्या. धड, धड, धड, धड... एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मग शांतता.

आम्ही उठून धावलो. पुलावर शंतनू नव्हता.

त्याची सायकल होती. पलीकडच्या टोकाला, कठड्याला नीट टेकवून उभी केलेली. हँडल सरळ. एक ओरखडा नाही. आपण चहा प्यायला थांबल्यावर टेकवून ठेवतो ना, तशी.

शंतनू खाली ओढ्याच्या काठावर पडला होता. अर्धा पाण्यात.

कसे उतरलो ते आठवत नाही. श्वास चालू होता. हेल्मेट फुटलं होतं. डावा पाय नको तसा वळला होता. आम्ही त्याला पाण्याबाहेर ओढलं. काकांनी स्वतःचं जॅकेट काढून त्याच्यावर घातलं.

"मी गेटकडे जातो. तिथून फोन लागेल. तू याला हलवू नकोस. झोपू देऊ नकोस."

"काका, मला एकटीला..."

"देवयानी, दुसरा इलाज नाही."

ते गेले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी शंतनूचं डोकं मांडीजवळ घेऊन बसले. पूल आमच्या जवळजवळ डोक्यावर होता. फळ्यांच्या फटींतून आभाळाच्या पट्ट्या दिसत होत्या.

दहा मिनिटं गेली. वीस.

मग वर खडी वाजली.

अगदी हळू. एक चाक फिरेल एवढी. थांबली. पुन्हा वाजली.

काहीतरी पुलावर आलं. फळ्या कुरकुरल्या, खाली वाकल्या. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, फळ्या वाकल्या.

आणि फटींतल्या आभाळाच्या पट्ट्या तशाच होत्या. मोकळ्या. वर काहीही नव्हतं.

ते आमच्या बरोबर डोक्यावर येऊन थांबलं.

मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. श्वाससुद्धा ऐकू जाऊ नये म्हणून. किती वेळ, माहीत नाही. वरून राखाडी धूळ भुरभुरत पडत होती. माझ्या हातांवर, शंतनूच्या चेहऱ्यावर.

तेवढ्यात त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"ताई," तो पुटपुटला, "तू क्लिअर का म्हणालीस?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही. नाही रे. मी नाही.

"तूच म्हणालीस. तुझा आवाज होता. म्हणून तर गेलो ना मी."

त्याने डोळे मिटले.

वर फळ्या पुन्हा कुरकुरल्या. ओझं उतरल्यासारख्या वर आल्या. खडी वाजत वाजत डोंगराच्या दिशेने गेली. चढावर. आणि ओढ्याच्या पाण्याचा आवाज एकदम परत आला, कान फुटावेत एवढा मोठा.

पाच वाजून पाच मिनिटांनी काका परत आले. सोबत दोन हंटर्स होते, नवरा-बायको. गेटपाशी त्यांचं वाहन होतं, त्यांनीच फोन लावून दिला होता. मग अँब्युलन्स आली. पण गेट उघडायला वेळ लागला. जंगल खात्याचा माणूस किल्ली घेऊन आला होता, पण कुलूप गंजून घट्ट झालं होतं. शेवटी कापावं लागलं. या वर्षी हे कुलूप अजून एकदाही उघडलेलं नाही, असं तो म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "मोठा ट्रक होता का?"

काका म्हणाले, "का?"

"पडल्याची जखम वेगळी दिसते. ही बंपरची आहे. कमरेच्या उंचीवर, मागून."

पोलिसांनी विचारलं, गाडीचा रंग कोणता? मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. रिपोर्टमध्ये शेवटी 'सायकलवरून पुलाखाली पडला' असं लिहिलं गेलं. आम्ही सही केली.

शंतनूची दोन ऑपरेशन्स झाली. तो वाचला. आज चालतो, थोडा लंगडतो. पीएचडी पूर्ण झाली. आता दूर कॅलिफोर्नियात नोकरी करतो. त्या दिवसाबद्दल मी विषय काढला की म्हणतो, "इट्स ओके, ताई." बस, तेवढंच. विनीतामावशीने मला एकदाच फोनवर विचारलं, "का गं ओरडलीस?" मी सांगितलं, मावशी, मी ओरडले नाही. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

माझ्या बाजूने बोलेल असा एकच साक्षीदार होता. उल्हासकाका. ते तर माझ्यासमोर उभे होते. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही एकदा शंतनूशी बोला. त्याला सांगा, तो आवाज तुमच्यासारखा होता, ताईचा नव्हता.

आम्ही तेव्हा डब्लिनला माझ्या ड्राइव्हवेवर उभे होतो. काका त्यांची सायकल गाडीत ठेवत होते. त्यांचे हात थांबले.

"तुला माझ्यासारखा वाटला?"

"हो. तुमचाच होता."

त्यांनी सायकल पुन्हा जमिनीवर टेकवली.

"देवयानी, मी तुझ्याकडेच बघत होतो. तू फोनमध्ये बघत होतीस. तुझे ओठ मिटलेले होते, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. पण आवाज तुझ्यातूनच आला. मागून नाही, झाडीतून नाही. तुझ्या गळ्यातून. तुझा गळा हलताना मी पाहिला."

त्यानंतर काकांनी सायकल विकून टाकली. अहिल्याकाकू फोनवर म्हणाल्या, हल्ली ते गाडीसुद्धा चालवत नाहीत.

मी ओरडले नव्हते. मला माहीत आहे मी ओरडले नव्हते. शंतनूला हाक मारायला गेले तेव्हासुद्धा माझा आवाज फुटला नव्हता. पुलाखाली तर मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते. त्या अख्ख्या दुपारी मी एकदाही आवाज चढवला नव्हता.

पण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. काकांनाही नाही.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये नर्सने माझं नाव विचारलं, आणि मला ते सांगता येईना. घसा पूर्ण बसला होता. पाण्याचा घोटसुद्धा आत काचेसारखा टोचत होता. तिने टॉर्च लावून तपासलं आणि म्हणाली, "तुम्ही खूप जोरात ओरडलेल्या दिसताय."

मी बेसिनमध्ये थुंकले.

राखाडी होतं...